आधी टक, मग धप्प

१

तुमच्या घरात असा एखादा आवाज आहे का हो, जो तुम्हाला ऐकूच येत नाही? म्हणजे तो रोज होतो, आलेला पाहुणा दचकून इकडेतिकडे बघतो, आणि तुम्ही भाजी निवडता निवडता विचारता, "कसला आवाज?" कुणाकडे फ्रीज थरथरून गप्प होतो, कुणाकडे न्हाणीघराचा नळ ठिबकतो. कानही हळूहळू घरचेच होतात आणि घराची बाजू घेऊ लागतात.

या घरात तो आवाज होता धप्प.

बाबा छापखान्यात मशीनवर होते. लेक शाळेत होती तेव्हा त्यांनी घरच्या घरी एक अ‍ॅम्प्लिफायर बनवला. पत्रा स्वतः वाकवला, जुन्या रेडिओचं बटण लावलं, पुढे गुंजेएवढा लाल दिवा. दोन स्पीकरही घरीच ठोकलेले, कपाटासारखे. सगळ्याला मिळून घरात एकच नाव होतं: डबा. डब्याचा आवाज इतका गोड की जिन्यातून जाणारा माणूस थबकायचा. खोड एकच होती. गाणी संपली आणि बाबांनी बटण बंद केलं, की स्पीकरमधून धप्प व्हायचं, कुणी पिठाचं पोतं जमिनीवर टाकावं तसं.

आई डब्याला सवत म्हणायची. निवृत्तीनंतर बाबा दुपारभर त्याच्यापाशी बसायचे. धप्प झालं की आतून हाक यायची, "निजली का माझी सवत?"

"निजली!" बाबा म्हणायचे. मग ती चहाचं आधण ठेवायची. वर्षानुवर्षं त्या घरात चहाची वेळ घड्याळावर नव्हती, धप्पवर होती.

"तेवढा तो धपका घालवा हो," आई अधूनमधून म्हणायची. "छातीत धस्स होतं. आता वय झालं माझं."

"उद्या बघतो," बाबा म्हणायचे. उद्याला काय, मरण नसतं.

२

आई गेली त्याला काही महिने झाले होते. दुपारच्या वेळी स्वयंपाकघरात उभी होती, तिथेच कोसळली. बाबा बाहेरच्या खोलीत डबा उघडून बसले होते. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतं तर..." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच वाक्य सांगत राहिले, "आवाजसुद्धा झाला नाही हो. साधा आवाजसुद्धा नाही."

लेक बाबांना आपल्या घरी न्यायला आली ती शिलाईच्या गिऱ्हाइकांना पुढची तारीख देऊन. दोन दिवसांत आवराआवर करून निघू, असा तिचा हिशेब होता. पण बाबा हलेनात.

"एवढा धपका घालवतो, मग निघू."

"बाबा, डबा तिकडे घेऊन जाऊ ना. तिकडे बसा दुरुस्त करत."

"इथेच व्हायला हवा दुरुस्त." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तिकडे नेऊन काय उपयोग?"

त्यांचं वजन उतरलं होतं. शर्टाची कॉलर मानेभोवती कड्यासारखी सुटी राहायची. जेवायला बोलावलं की चार घास खाऊन पुन्हा डब्यापाशी. तारा सोडवायच्या, तापल्या सळईने कथलाचे डाग द्यायचे, झाकण लावायचं, एक गाणं वाजवायचं आणि बटण बंद करायचं. तिने नीट ऐकलं. आधी डब्यातून बारीक टक. मग धप्प.

"ही टक नवीन आहे ना?" तिने विचारलं.

"रिले आहे तो. बटण बंद केलं तरी आतल्या कपॅसिटरांमध्ये वीज उरते. ती संपता संपता स्पीकरला धक्का देते. तो धक्का म्हणजे धप्प. रिलेचं काम काय, तर धक्का यायच्या आत स्पीकरची तार तोडायची. टक म्हणजे तार तुटली."

"मग तरी धप्प कसं होतं?"

बाबांनी डागाची सळई ओल्या स्पंजवर पुसली. चर्र झालं.

"तेच शोधतोय," ते म्हणाले.

३

बाबांचं हे असं शोधणं बघवेना, तेव्हा तिने रेडिओकाकांना बोलावलं. काका बाबांचे जुने मित्र. रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, रेडिओ गेले तरी नाव चिकटलं ते चिकटलं. अंगाने गोल, तोंडाने त्याहून मोकळे.

"काय दादा, एका धपक्यापुढे हात टेकलेस? अरे, माझ्या घरी रोज दोन धपके होतात, एक सुनेचा, एक सासूचा. मी कधी रिले लावला का?"

बाबा हसले नाहीत. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि कामाला लागले. मीटर लावला, उजेडात धरून एकेक डाग बघितला. बघता बघता त्यांची बडबड कमी होत गेली.

"रिलेला वेगळी वीज दिलीस? मोठ्या कपॅसिटरवरून नाही घेतलीस?"

"वेगळी."

"मग काय शोधतोयस लेका? हे काम बिनचूक आहे. मला जमलं नसतं इतकं."

"बंद करून बघ," बाबा म्हणाले.

काकांनी एका स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या काळ्या कागदावर तळहात हलकेच टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. दुसऱ्या स्पीकरच्या कागदावर तिला हात ठेवायला सांगितलं. बाबांनी बटण बंद केलं.

टक.

तिच्या हाताखाली कागद जराही हलला नाही. मग धप्प झालं.

काकांनी हात तसाच ठेवला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे. बाबा दोघांकडे बघत नव्हते. त्यांची नजर जमिनीवर होती.

"माझे कान गेले आता, दादा," काका शेवटी म्हणाले. "वय झालं." चहा टाकते म्हटलं तर "नको पोरी, दुकान उघडं टाकून आलोय" म्हणत चपला घालू लागले. ती जिन्यापर्यंत सोडायला गेली. खालच्या वळणावर ते थांबले.

"टक झाल्यावर स्पीकर मुका असतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तार तुटलेली असते. धप्प आधी आणि टक नंतर, असं असतं तर मी म्हटलं असतं, रिले उशीर करतोय. हे उलटं आहे. त्याला हे माझ्याइतकंच कळतं."

"काका, हे काम बाबांनी कधी केलं? आई गेल्यावर?"

काकांनी कठडा धरला. "त्याच दिवशी. सकाळी माझ्याच दुकानातून रिले घेऊन गेला होता. म्हणाला, आज घरी गंमत करणार आहे, सवतीचं तोंड बंद करणार." ते दोन पायऱ्या उतरले आणि मागे न वळता म्हणाले, "त्याला घेऊन जा गं इथून."

४

शिवणकाम करणाऱ्या बाईचे कान तयार असतात. सुई बोथट झाली, दोरा अडकला, पट्टा सैल झाला, सगळं आवाजावरून कळतं. आणि प्रत्येक आवाजाला कारण असतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती कारणं शोधू लागली. खिडकीचा पल्ला असेल. भिंतीतला पाइप असेल. ट्रान्स्फॉर्मरच्या थरथरीने हललेली फळी जागेवर बसत असेल. एकेक कारण ती नीट घडी घालून मनात ठेवत होती, पण ती रास काही उभी राहत नव्हती, सारखी घसरत होती.

बाबा दूध आणायला गेले तेव्हा तिने स्पीकरच्या तारा सोडल्या. दोन्ही स्पीकर ओढत ओढत गॅलरीत नेले आणि दार लावून घेतलं. आता खोलीत नुसता डबा होता. समोरच्या इमारतीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. खाली भंगारवाला ओरडत होता. भर उन्हाची वेळ. तिला स्वतःचंच हसू आलं. तिने बटण चालू केलं, लाल दिवा लागला. जरा थांबून बंद केलं.

टक.

आणि तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात, धप्प झालं.

डब्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो आवाज स्पीकरमधून आल्यासारखाच वाटायचा. इतकी वर्षं कानांना तेच सांगितलेलं होतं. ती वळली. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. आत ओट्यावर उपडी घातलेली भांडी, कोपऱ्यात सिलेंडर, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा. जमीन मोकळी. तिने आत पाऊल टाकलं नाही.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि ती केवढ्याने तरी किंचाळली. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, हाताला कणीक लागलेली.

"अगं, घाबरलीस काय! मीच आहे. म्हटलं विचारावं, काही पडलं का?"

"नाही. का हो?"

"रोज काहीतरी पाडता तुम्ही. आत्ता पुन्हा पडलं. आमच्या स्वयंपाकघराचं छत दणाणतं, डाळीत चुना पडतो."

"स्वयंपाकघराचं? बाहेरच्या खोलीचं नाही?"

"माझ्या ओट्याच्या अगदी वर गं. तो डब्याचा धपका मला पाठ आहे, तो बाहेर व्हायचा. आता ऐकू येत नाही तो. त्या दिवसापासून हे दुसरंच सुरू झालंय." काकू थांबल्या. बोलू नये ते तोंडाशी आलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुझे बाबा मला म्हणाले होते, आवाजसुद्धा झाला नाही. मी काही बोलले नाही. माणूस दुःखात असतो. पण मी ऐकला होता बाई. वाटलं, डबाच पडला असेल."

५

बाबा परत आले. दुधाची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि गॅलरीतल्या स्पीकरकडे बघत उभे राहिले.

"तूही ऐकलंस," ते म्हणाले.

तिने मान हलवली. बाबा खुर्चीत बसले. पिशवीवरून पाण्याचे थेंब टेबलावर ओघळत होते.

"मी तिला सांगितलं होतं, आज कान देऊन ऐक. ती म्हणाली, ऐकते, पण लवकर करा, मला बरं वाटत नाहीये. मी म्हटलं, एकच मिनिट. बटण बंद केलं. टक झाली. मग धप्प. मी डब्याला शिवी घातली. म्हटलं, एवढं करूनही मेलं वाजलंच! डबा उलटा केला आणि सळई तापत लावली."

"बाबा, तुम्हाला काय माहीत..."

"टक आधी झाली होती." ते शांतपणे म्हणाले. "मला माहीत होतं. हाताला माहीत होतं, कानाला माहीत होतं. पण या घरात धप्प झालं की उठून बघायचं नसतं ना. सवय. आणि आतून ती नेहमीसारखं विचारेना, निजली का माझी सवत, तर मला वाटलं, रुसली. मी पुन्हा पहिल्यापासून सगळे डाग तपासत बसलो. चहा आला नाही, तेव्हा उठलो."

एवढ्यासाठी हा माणूस रोज डबा खोलत होता. त्याला तो दुरुस्त करायचाच नव्हता. त्यात एक चूक हवी होती, एखादा कच्चा डाग, एखादी उलटी तार. डबा एकदा जरी खोटा ठरला असता, तर त्या दिवशीचा धप्प डब्याचा ठरला असता, आणि आई खरोखरच आवाज न करता गेली असती.

"काम बिनचूक झालंय," बाबा म्हणाले. "आयुष्यात एक काम बिनचूक केलं."

मग त्यांनी तिचा हात धरला. त्यांचा तळवा गार होता. "तू एक कर. तू बटण बंद कर. मी आत उभा राहतो. या वेळी मी तिथे असेन."

"नाही."

"एकदाच, बाळ."

"नाही म्हटलं ना! तुमचं शरीर बघा, उभं राहवत नाही नीट." आणि मग, त्यांची समजूत पटावी म्हणून, आत काहीच नाही हे एकदा कायमचं सिद्ध व्हावं म्हणून, ती म्हणाली, "मी उभी राहते. तुम्ही बंद करा."

६

आईचं स्वयंपाकघर होतं तसंच होतं. कपबशा खिळ्यांना टांगलेल्या. साखरेच्या डब्याखाली मुंग्यांसाठी पाण्याची बशी. ती ओट्याला पाठ लावून दाराकडे तोंड करून उभी राहिली. एक हात ओट्याच्या कडेवर ठेवला. बाहेरून डब्याची बारीक गुणगुण येत होती. ऊन होतं. काही म्हणजे काही नव्हतं.

"करू?" बाबांनी विचारलं.

"करा."

टक.

बाहेरच्या खोलीत टक आणि धप्प यांच्यामध्ये एका श्वासाचंही अंतर नसायचं. आत ते होतं. आत ते लांबत गेलं. बशीतलं पाणी गोल गोल थरथरलं. तिला जाणवलं की ओट्याच्या कडेवर, तिच्या हाताच्या शेजारी, दुसरा हात आहे. तिने मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. चार बोटं. पेरं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरलेली. अंगठ्याचं नख काळं, तिच्या लहानपणी तिच्याच हातून दारात चिमटलेलं. एकेक करून बोटं निसटली.

धप्प तिला ऐकू आलं नाही, ते तळपायांतून वर चढलं.

तिला वाटलं, संपलं. पण बाहेर ऐकू न येणारं तेव्हा सुरू झालं. पायांपाशी, जमिनीलगत, कुणीतरी श्वास घेत होतं. फरशीवर नख घासत होतं. आणि अगदी बारीक आवाजात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला कामात व्यत्यय नको अशा बेताने, हाक येत होती.

"अहो."

मग पुन्हा. थोड्या वेळाने पुन्हा. तिने खाली पाहिलं नाही. बाहेर बाबा खाकरले, खुर्ची करकरली. आणि हाक थांबत नव्हती, कारण त्या दिवशीही ती लवकर थांबली नव्हती.

"काय गं?" बाबांनी बाहेरून विचारलं. "काय दिसलं?"

ती चौकटीला धरून बाहेर आली. "काही नाही, बाबा. कुणी नाही तिथे. पाइपाचा आवाज आहे."

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. शिवणाऱ्या बाईला कापड दडवता येतं, चेहरा नाही.

"लगेच गेली का गं?" त्यांनी विचारलं.

"लगेच," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. मग हात लांबवून डबा पुन्हा चालू केला. लाल दिवा लागला. तिच्या कानात अजून चालू असलेली आतली हाक तोडल्यासारखी थांबली.

"चालू असतो तोवर ती उभी असते," ते म्हणाले.

७

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. "उद्या निघतोय आम्ही. दोघं. हो, झाले तयार."

त्यांनी तयार व्हावं म्हणून तिने बाबांना शब्द दिला होता, की डबा बंद करायचा नाही. चालूच ठेवायचा, दाराला कुलूप लावायचं, किल्ली काकूंकडे द्यायची नाही, कुणाकडेच द्यायची नाही. वेडेपणा होता. पण तिला त्यात एकही भोक सापडत नव्हतं, आणि तिला दुसरं काही सुचतही नव्हतं. तिने बटणावर चिकटपट्टीचे आडवेउभे पट्टे लावले. डब्यावर हात ठेवून पाहिला. तो जिवंत प्राण्यासारखा कोमट होता.

बाबा त्या दिवशी पोटभर जेवले. औषधं आपणहून घेतली. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात, ओट्याजवळ नेऊन ठेवली.

"तिथे कशाला, बाबा?"

"आजच्या दिवस बसतो तिच्याजवळ. उद्या तर निघायचंच आहे."

तिने अडवलं नाही. ते काहीतरी हळू हळू बोलत होते, ती ऐकायला गेली नाही. नवरा-बायकोचं बोलणं ऐकू नये. एकदा फक्त त्यांचं हसणं ऐकू आलं, आणि त्यांचा आवाज, "नाही गं, अजून जागी आहे तुझी सवत." तिने कपडे बॅगेत भरले, आईचा एक रुमाल वर ठेवला, आणि बाहेरच्या खोलीत, त्या लाल दिव्याच्या उजेडात, आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी बॅगांच्या चेनी लावत होती, बाबा आत खुर्चीत होते, आणि सगळ्या भागातली वीज गेली. डब्यातून टक झाली. मग धप्प दोनदा झालं, आणि दुसरं जास्त जड होतं.